लेकीच्या गावचा बाजार

बरणीच्या काठाचा एक बारीक टवका उडालेला होता, आणि मुक्ताबाईंचा अंगठा फिरून फिरून तिथंच जाऊन थांबत होता. चिनी मातीची बरणी. खाली पांढरी, गळ्याशी मधासारखी पिवळी. कुठं चीन, कुठं शेवगावचा बाजार... चीनशी लढाई झाली तरी बरणीचं नाव काही कुणी बदललं नाही. लेकीला, चांगुणाला, लिंबाच्या लोणच्यासाठी बरी होती.

"मावशी, सगळा बाजार चाखून झाला. आता बरणीबी चाखता का?" बरणीवाली झुंबरबाई म्हणाली, तशा त्या हसल्या.

खोटं नव्हतं ते. सोनईहून सकाळच्या एस.टी.नं उतरलं की आधी बाजार – भेळ, गोडी शेव, गुळाच्या ढेपांचा वास, पाणपोईचं गार पाणी. लेक मागच्याच आळीत राहत होती. पण तिला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही चाल आईनं पाळली, सासूबाईंनी पाळली, त्याही पाळत होत्या. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, तसंच हे. चांगुणाच्या लग्नाला इतकी वर्षं झाली की भेळवाला आता न विचारता कांदा वगळून भेळ देई, आणि लेकीच्या हाताची चव मात्र... आणि खरं सांगायचं, देवापुढंही कधी बोलले नाही, पण या बाजारात मी कुणाची सून नसते, कुणाची आई नसते, मला बरं वाटतं. चाल पाळायची म्हणून येते की हिंडायला मिळतं म्हणून चाल पाळते –

बरणी पिशवीत घालून त्या पाणपोईजवळच्या कडुलिंबाखाली टेकल्या, तोच समोरून चांगुणा आली. पदरानं कपाळ टिपत शेजारी बसली आणि तिनं फडक्याची गाठ सोडली. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा.

"आई, हे काय माझं घर न्हाई. बाजार हाय. बाजारातलं खातीस ना तू?"

भेळवाला इकडंच बघत होता. भाकरीची एक कड करपलेली होती. मुक्ताबाईंची स्वतःचीही तिथंच करपायची, नेहमी.

"नगरच्या डाक्तरीनबाईनं सांगितलं," चांगुणा फडक्याकडं बघत म्हणाली, "आता व्हायचं न्हाई म्हनून. मग तू कवाच खानार न्हाईस का?"

म्हणजे दर खेपेला, इथं बसून खाल्लेल्या भेळेच्या प्रत्येक घासाला, पोरीला आपण काहीतरी सांगत होतो. आणि ती ऐकत होती, इतकी वर्षं, आणि वर एस.टी.वर सोडायलाही येत होती...

मुक्ताबाईंनी करपलेली कड मोडली. घास हातात राहिला. उद्या तुळशीपुढं काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव सुरू झाली – आणि त्यांच्या लक्षात आलं, ती सगळी जुळवाजुळव घास खाल्ल्याची होती. न खाल्ल्याचं काय सांगायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.