मी, नामंजूरचा शिक्का

मित्रांनो, मी लाकडी दांड्याचा एक जुना शिक्का आहे. माझ्या तळव्यावर एकच शब्द कोरला आहे, तोही उलटा. कागदावर टेकलो की तो सुलटा होतो आणि समोरच्याचं तोंड उतरतं. तो शब्द म्हणजे 'नामंजूर'.

शिक्केवाल्यानं आम्हा दोघा भावांना एकाच दिवशी घडवलं. मी आणि माझा धाकटा, 'मंजूर'. लाकूड एक, रबर एक. त्याच्या अंगावर माझ्यापेक्षा एक अक्षर कमी, एवढाच काय तो फरक. निवृत्त सैनिकांना अपंगत्वाची पेन्शन देणारी एक कचेरी आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर, अपील विभागात आमची नेमणूक झाली. मला लाल शाईचं पॅड मिळालं, त्याला निळ्या. अर्ज फेटाळला गेलेली माणसं तिथे पुन्हा दाद मागायला येत.

कामाला मी वाघ होतो. दुपारपर्यंत माझे तीस-चाळीस ठसे पडायचे. "आपला हा शिक्का कसा खणखणीत उमटतो," असं हेडक्लार्क शिपायाला कौतुकानं सांगायचे. त्यांच्या अंगठ्यानं माझ्या दांड्याचं पॉलिश उडालं. मंजूर महिन्यातून एकदा-दोनदा बाहेर निघायचा, तरी लाड त्याचेच. त्याचा ठसा बघून म्हातारी माणसं डोळे पुसायची. एका आजीनं तर त्यावर ओठ टेकवले होते. राबायचं मी आणि मिरवायचं त्यानं. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. ड्रॉवरात तो शेजारी पडलेला असला की वाटायचं, याचं रबर उंदरानं कुरतडावं.

त्या कचेरीत एक गृहस्थ यायचे. सगळे त्यांना खोकलेकाका म्हणत. लिफ्ट कायम बंद. दोन जिने चढायला काकांना अर्धा तास लागे आणि मागून त्यांची सून ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर पिशवीत घालून आणायची. सैन्यात असताना तीन वर्षं छावणीचा कचरा जाळायचं काम काकांकडे होतं. टायर, प्लास्टिक, औषधांच्या बाटल्या, सगळं खड्ड्यात टाकायचं, वर डिझेल ओतायचं आणि काठीनं ढोसत उभं राहायचं. तोंडाला नुसतं फडकं. त्या धुरानं फुप्फुसं कामातून गेली.

काकांच्या कागदावर मी दोनदा बसलो. पहिल्यांदा कारण होतं, 'आजार निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी आढळला'. दुसऱ्यांदा, 'धूम्रपानाची शक्यता'.

"साहेब, मी सिगारेट... कधी ओढली नाही," काका म्हणाले. एवढ्या वाक्यातसुद्धा त्यांचा श्वास मध्येच संपला.

"तसं लिहून द्या. पुढच्या अपिलात बघू."

"दोनदा दिलंय लिहून," सून म्हणाली. "तुम्ही वाचलंत का?"

हेडक्लार्कनी उत्तराऐवजी मला उचललं. सांगायला लाज वाटते, पण मी खूश झालो. मंजूरला डावलून मला उचललं होतं ना.

पुढे हेडक्लार्क निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर एक बाई आल्या. त्यांना फाइल पहिल्या पानापासून वाचायची खोड होती. काकांचं तिसरं अपील आलं तेव्हा त्यांनी काकांना आणि सुनेला बोलावून घेतलं.

"काका, ही नोंदवही कुठली?"

"छावणीच्या दवाखान्याची. मीच... नक्कल आणली."

"यात तुमचं नाव चौदा वेळा आहे. खोकला, औषध दिले, कामावर परत. आणि तारखा सगळ्या नोकरीतल्या."

"चार वर्षं तेच तर सांगतोय आम्ही," सून म्हणाली.

बाईंनी चौदाही नोंदींना खुणा केल्या, टिपण जोडलं आणि फाइल अपील समितीपुढे ठेवली. समितीनं फुप्फुसांच्या डॉक्टरांचं मत मागवलं. दीड महिन्यानं फाइल परत आली. निकाल काकांच्या बाजूनं लागला होता.

त्या दिवशी सासरे-सून समोर बसले होते. बाईंचा हात ड्रॉवरात माझ्यावरून गेला आणि त्यांनी मंजूरला उचललं. त्यांनी त्याला त्याच्या निळ्या पॅडवर दाबून कागदावर टेकवलं. काहीच उमटलं नाही. वापराविना पॅड पार वाळलं होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा कोरंच. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

काकांचा चेहरा मात्र पडला. "राहू द्या, बाई. उद्या... येतो पुन्हा," ते म्हणाले आणि टेबलाला धरून उठू लागले.

"उद्या कशाला? बसा तुम्ही."

बाईंनी माझं लाल पॅड पुढे ओढलं. मंजूरला त्यात खसकन दाबलं आणि कागदावर टेकवलं. ठसा स्वच्छ उमटला.

काका वाकून बघत राहिले. "लाल आहे," ते हळूच म्हणाले. "म्हणजे नामंजूर ना?"

"रंग सोडा, काका. अक्षरं वाचा."

त्यांनी एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचलं. बोटाला ओली शाई लागली, ती त्यांनी पुसली नाही. सून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

माझी शाई, माझं पॅड आणि मान त्याचा. आजही आठवलं की माझ्या पोटात दुखतं. पण माझ्या शाईकडे बघून कुणाच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं, असं आयुष्यात तेवढं एकदाच घडलं.

आता कचेरीत संगणक आला आहे आणि आम्ही दोघं भाऊ एका खोक्यात धूळ खात पडलो आहोत. मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातल्या कुणाच्या तरी हाती शिक्का येईल, नाहीतर बटण येईल. आम्हाला डोळे नसतात, तुम्हाला असतात. आधी शेवटच्या पानापर्यंत वाचा, मग दाबा. आणि निळं पॅड तेवढं वाळू देऊ नका.