तिसऱ्या भागातल्या तुताऱ्या

एव्हग्राफ लुकिचच्या सिम्फनीत, तिसऱ्या भागात, तुताऱ्या किंचाळतात तो तुकडा मी लिहिलाय.

म्हातारा डोळ्यांनी अधू झाला होता. मी त्याचा शिष्य; त्याच्या स्वरलिपीच्या नकला करायचो. एक जागा रिकामी होती, ती मी भरून दाखवली. पियानोवर वाजवून म्हणाला, "गाढवा, मला नसतं सुचलं हे. राहू दे." सहा महिने मी फुगून फिरलो.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत मॉस्कोहून पक्षाचं फर्मान आलं, लोकांना कळेल असंच संगीत हवं. आमच्या व्होल्गाकाठच्या संगीतकार संघालाही लगेच एका गुन्हेगाराची गरज पडली. सभा भरली.

"त्या तुताऱ्या म्हणजे कामगारांच्या कानात खिळे!" अध्यक्ष गरजला. "प्रोखोर सावेलिच, नकला तुम्ही केल्यात. बोला."

तुकडा माझा आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण संगीत विद्यालयातली माझी नोकरी त्याच महिन्यात पक्की होणार होती.

"मी तेव्हाच बजावलं होतं त्यांना," मी म्हणालो. "ऐकलं नाही."

खाली बसलो तशी मागून पियानोवाली कापितोलिना कुजबुजली, "वा रे शूर! तुकडा माझा, माझा म्हणत मला चारदा ऐकवलास तो कोण होता? तुझा जुळा भाऊ?"



मग रिवाजाप्रमाणे म्हाताऱ्याला उभं केलं. आपली चूक कबूल करायची, वर सोबत्यांचे आभार मानायचे. आता तो नाव घेणार माझं, याची मला खात्री होती.

"तुताऱ्या माझ्याच," तो म्हणाला. "प्रोखोर सावेलिचनं बजावलं होतं, खरंय. आभारी आहे."

मतदान झालं. त्याला संघातून काढायला सगळे हात वर गेले. कापितोलिनाचा गेला. माझाही गेला, आणि झटकन गेला.

बाहेर कोट टांगायच्या खोलीत तो बाकावर बसून रबरी जोडे चाचपत होता. त्याला वाकता येत नसे. मी गुडघ्यावर बसलो आणि त्याचा पाय हातात घेतला. त्यानं तो काढून घेतला.

"ऊठ, प्रोशा," तो माझ्या लाडक्या नावानं म्हणाला. "लोक बघतायत. नोकरी जाईल तुझी."

माफी मागायची सोडून मी आधी दाराकडे पाहिलं. दारात अध्यक्ष उभा होता.

मी उठलो.