पहिली बट

मी जनरल बोलतोय. समुद्राकडून या डोंगरात ज्या ज्या कोऱ्या नर्सबाई आल्या, त्यांना कामाला तयार मीच केलं. म्हणजे शिकवलं काहीच नाही, ओढ्यात पाडलं. कोल्पापाम्पाच्या दवाखान्याचं खेचर आहे मी.

बाप गाढव, आई घोडी, त्यामुळे अक्कल निम्मीच आली. शाळाही निम्मीच. पहिला मालक बटाटेवाला. तो मला शाळेच्या खिडकीखाली बांधायचा. पोरांच्या आधी मीच ओरडून उत्तर द्यायचो, म्हणून मास्तरांनी खिडकी लावून घेतली. पुढे माझी पाठ वाकली, तेव्हा मालकाने मला दवाखान्याच्या गळ्यात बांधलं.

परीक्षा पास झालेली एक नवी मुलगी दरवर्षी इथे येते. बूट चकचकीत, ओठ थंडीने फुटलेले. ती खोगीर आवळायला लागली की मी पोट फुगवतो. ओढ्यापाशी हवा सोडतो. खोगीर एकीकडे, बाई दुसरीकडे!

यंदाची रोसाल्बा मात्र एकदाच पडली. दुसऱ्या खेपेला तिने माझ्या पोटात गुडघा रुतवला, सगळी हवा काढली आणि मग पट्टा आवळला. चांगलीच खट आहे, म्हटलं.

पण घोळ तिनेही घातलाच. दोमितिला म्हातारीची नात युलिसा दगडावर आपटली, डोकं फुटलं. जन्मापासून कात्री न लागलेल्या जटा रक्ताने चिकटलेल्या. रोसाल्बाने जखमेभोवतीचे केस कचाकच उतरवले आणि झकास टाके घातले. एवढ्यात दवाखान्याचा जुना मदतनीस फाउस्तो पाणी घेऊन आला. त्याने बादलीच सोडून दिली.

"नर्सबाई, पहिले केस कापलेत?"

"मग जखम दिसणार कशी?"

"अहो, पहिली बट माद्रिनाने कापायची असते! गाव जेवतं, नाचतं, आणि ती पोरीची जन्मभराची मानलेली आई होते. म्हातारीने बसमालकाच्या बायकोला कधीचं सांगून ठेवलंय!"

झालं. पलीकडच्या खोऱ्यात गोवर आला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी लशीची पेटी माझ्या पाठीवर चढली. पण केसांची बातमी आधीच घरोघर पोचलेली, आमच्या गावात एक दार उघडेना. आमच्या स्वागताला फक्त कुत्री. पेटीतला बर्फ पाझरून माझ्या बरगडीवरून ओघळत होता. "लस वाया जाईल रे जनरल, आणि ही पोरं तापाने फणफणतील," म्हणत रोसाल्बा माझ्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली. मला असलं काही जमत नाही. मी तिच्या टोपीची कड खाल्ली.

तिने मला एक चापट मारली, नाक पुसलं आणि सरळ दोमितिलाचं दार ठोठावलं.

म्हातारी युलिसाला कडेवर घेऊन बाहेर आली. पोरीला ताप नव्हता, टाके कोरडे होते.

"मामा दोमितिला," रोसाल्बा म्हणाली. आमच्याकडे मामा म्हणजे आई. "चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणून केस परत चिकटणार आहेत का? कात्री आण. अर्धं डोकं बोडकं, अर्ध्यावर जंगल, असं ठेवतात होय? कापलेस ना? मग माद्रिना तूच. बसवालीला मी सांगेन काय ते."

"मी?"

"नाहीतर काय हे खेचर? माद्रिनाने पोरीला मेंढी द्यायची असते. आहे?"

"नाही हो." रोसाल्बाने हळूच माझ्याकडे पाहिलं. मी लगेच लंगडायला लागलो.

"ते ध्यान नको! मेंढीचं बघू सावकाश." आणि म्हातारी गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं ए, दारं उघडा! ही आमच्या घरातली आहे आता! पोरं आणा!"

दारं उघडली. रोसाल्बाने युलिसाच्या उरलेल्या जटाही उतरवल्या. पोरं रडत आली, सुया टोचल्या गेल्या, आणि त्या गडबडीत मी कुणाचा तरी कोबी संपवला. शेवटी रोसाल्बा पेटी बांधता बांधता चाचरत म्हणाली, "मामा, पण मी वर्षभरापुरतीच आलेय हो."

दोमितिलाने युलिसाच्या तासलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"आणि हिचे केस? ते काय वर्षभरच वाढणार आहेत?"