कागदावरचा हिरा

भीमराज गेला आणि वर्ष पुरं व्हायच्या आतच कंपनीचा माणूस चाळीत येऊन जाईबाईला सांगून गेला, की खोली आता सोडावी लागेल. माणूस भला होता. उंबऱ्याबाहेरच उभा राहून, मान खाली घालून बोलला. पण कामगार नोकरीत आहे तोवरच खोली, हा नियम चाळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होता. भीमराजच्या फंडातलं जे होतं ते त्याच्या आजारपणातच संपलं होतं. मुलगी कस्तुरा चिंचवडच्या एका लहान कारखान्यात पॅकिंगला जायची, त्यावर मायलेकींचं दोन वेळचं भागत होतं, एवढंच.

थेरगावात एकाने आपल्या वावराचे तुकडे पाडून विकायला काढले होते. त्यातला अर्धा गुंठा जाईबाई एकदा पाहून आली. कडेला बाभळीचं झाड होतं. चार पत्रे टाकले की झालं घर, असं तिने मनाशी ठरवलं आणि ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवलेली अंगठी बाहेर काढली.

ती अंगठी तिला एका परदेशी मडमेने दिली होती. कंपनीत यंत्रं बसवायला जो गोरा इंजिनिअर आला होता, त्याच्या बंगल्यावर जाईबाई कामाला होती. त्यांचा धाकटा मुलगा काविळीने अंथरुणाला खिळला, तेव्हा ती स्वतःचं घर विसरून त्याच्या उशाशी बसून राहिली. पोरगं बरं झालं. मायदेशी परत जाताना मडमेने बोटातली अंगठी काढून जाईबाईच्या हातावर ठेवली. ज्वारीच्या दाण्याएवढा हिरा होता. सोबत एक घडीचा इंग्रजी कागद होता. हिरा तपासणाऱ्या त्यांच्याकडच्या प्रयोगशाळेने तो दिला होता, आणि त्याच्या पाठीवर मडमेने ही अंगठी जाईबाईला दिल्याचं लिहून खाली सही केली होती. "ये कागज संभालना," ती आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली होती. "कोई चोर बोले, तो दिखाना."

कुणी चोर म्हणालं नाही. कारण अंगठी घरात आहे हे भीमराज, कस्तुरा आणि भीमराजचा दोस्त दादू यांच्यापलीकडे कुणाला माहीतच नव्हतं.

दादू भोसरीकडचा. जमीन कारखान्यांत गेली आणि तोही कारखान्यात आला. भीमराज आणि तो एकाच खात्यात, एकाच शिफ्टला. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना खपत नसतानाही तो भीमराजच्या ताटाला ताट लावून जेवायचा. त्याच्या मुलीचं लग्न आळंदीच्या एका सुखवस्तू घरात ठरलं होतं आणि जावयाला हिऱ्याची अंगठी कबूल झाली होती. जाईबाई अंगठी विकतेय म्हटल्यावर तो दुसऱ्याच दिवशी आला. चहा प्याला, कप खाली ठेवला, आणि त्याचा कान चाचपत बसला.

"काय वो भावजी?"

"घ्यायची तर हाय वैनी. पन व्याही म्हनत्यात, कागद बी तपासून घ्या आन् खडा बी. तुमच्या हातनं घ्यायची म्हनल्यावर मला कशाला पायजे खात्री? पन उद्या मांडवात कोन काय बोललं तर..."

जाईबाईला वाईट वाटलं नाही. उलट आपल्या कागदाचं कुणी तरी नाव काढलं, याचं बरंच वाटलं.

"मग घ्या की तपासून. मी बी येते पुन्याला. लपवायचं काय हाय त्यात?"

रविवार पेठेत एका अंधाऱ्या जिन्यावरून वर गेलं की उद्धवरावांची बसायची जागा होती. खडे पारखण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी आधी कागद घेतला. उजेडात धरला, शिक्का पाहिला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"कागद अस्सल आहे," ते म्हणाले. "असे मी मुंबईला पाहिलेत."

जाईबाईने दादूकडे पाहिलं. तो ओशाळून हसला.

उद्धवराव कागदावर बोट ठेवून सांगू लागले. हे वजन. हे माप. आणि हे चित्र त्या खड्याचंच, वरून काढलेलं. "इथं कडेला ही खूण दिसते? हिऱ्याच्या पोटात पिसासारखा बारीक तडा आहे. तो जन्माचा. त्यावरून हिरा ओळखायचा."

मग त्यांनी अंगठी घेतली आणि डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. फडक्याने खडा पुसून पुन्हा पाहिलं. लहानशा मापात धरून रुंदी घेतली आणि कागदावरच्या आकड्याशी ताडली. नंतर भिंग खाली ठेवलं.

"बाई, ही अंगठी कधी दुरुस्तीला दिली होती?"

"एकदाच. खडा हलतूया म्हनून मालक घेऊन गेलं व्हतं."

"कधी?"

"दुष्काळात. कंपनीला टाळं लागलं व्हतं तवा..."

"कागद खरा आहे," उद्धवराव हळू आवाजात म्हणाले. "पण त्यातला हिरा हा नव्हे. हा हिराच नाही. झरकन म्हणतात याला, हिऱ्यासारखा दिसणारा स्वस्त खडा. भिंगातून याचे मागचे पैलू दुहेरी दिसतात, हिऱ्यात तसं दिसत नाही. ती पिसाची खूण नाही, मापही जुळत नाही. आणि खडा धरणाऱ्या या नख्या एकदा उघडून परत बसवलेल्या आहेत."

मग दादूकडे वळून ते म्हणाले, "तपासून घेतलंत ते बरं केलंत."

जाईबाईने अंगठी उचलली, कागदाची घडी केली. दोन्ही पदराच्या गाठीला बांधून ती जिना उतरली.

खाली हॉटेलात दादूने चहा सांगितला. तो रागावला होता, पण कुणावर रागवावं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने मडमेला धरलं.

"गोऱ्या मानसांचं काय खरं हाय वैनी? कागद एक आन् खडा भलताच दिला आसंल. तुमाला काय कळनार व्हतं?"

ती सोपी वाट होती. जाईबाईने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण ती बाई निघताना गाडीत बसूनसुद्धा रडत होती, आणि तिच्यावर असला आळ घ्यायला जाईबाईची जीभ वळेना.

"मडमेनं न्हाई फसवलं, भावजी."

"मग?"

जाईबाईला टाळेबंदीचं ते वर्ष आठवत होतं. चाळीत घराघरांत एक वेळची चूल बंद झाली होती, पण तिच्या घरी ज्वारी येत होती. कस्तुरा तापाने फणफणली तेव्हा औषध आलं, तिच्या शाळेची फीसुद्धा भरली गेली. मी पुण्याला भुसार बाजारात हमाली करतो, असं भीमराज सांगायचा. रात्री आला की ती त्याच्या खांद्यांना तेल लावायची आणि तो डोळे मिटून मुकाट पडून राहायचा. खांद्यावर कधी वळ दिसला नव्हता. ते तिच्या ध्यानात आलं होतं, पण तिने विचारलं नव्हतं.

हे एवढंच असतं तर तिने सोसलं असतं. पोरीच्या तोंडात घास घालायला बापाने हिरा विकला, यात लाज कसली? पण मागच्या साली त्याची छाती पार निकामी झाली, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने हीच अंगठी बाहेर काढली होती. जन्मात आवाज न चढवलेला तो माणूस त्या दिवशी खाटेवर उठून बसला आणि ओरडला, "तिला हात लावायचा न्हाई. कस्तुराची हाय ती." तिने हात जोडले, रडली, भांडली. त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्या रागात तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. पुन्हा नीट बोलायच्या आतच तो गेला.

विकायला नेली असती तर सगळं उघडं पडलं असतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने तिचा राग पत्करला. एका शब्दाने सांगितलं असतं तर ती काय म्हणणार होती? काही म्हणाली नसती. निदान ते शेवटचे दिवस तरी त्याच्याजवळ बसली असती.

"टाळं लागलं तवा आमच्या घरात चूल कशी पेटत व्हती, तुमाला ठावं हाय का?" तिने विचारलं.

दादूने तिच्याकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. त्या वर्षी तोही त्या चुलीपुढे बसून जेवला होता.

"मला कदी बोलला न्हाई," तो म्हणाला.

"मला तरी कुठं बोललं?"

चहावर साय धरली. दादूने खिशात हात घातला, काही तरी देऊ करावं असं त्याच्या मनात होतं. पण तिने मानेनंच नको म्हटलं आणि त्याने हात तसाच बाहेर काढला.

"एक करा भावजी. हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. कस्तुराच्या कानावर जायला नगं. लई जीव हाय तिचा बापावर."

"न्हाई जानार," दादू म्हणाला.

घरी कस्तुरा वाटच बघत होती. तिने थेरगावच्या घराचा नकाशासुद्धा काढून ठेवला होता. चूल कुठे, मोरी कुठे, खिडकी बाभळीकडे.

"झालं का काम?"

"न्हाई इकली," जाईबाई म्हणाली. "तुज्या बानं इकू नगं म्हनून सांगितलं व्हतं. माजा हात धजला न्हाई."

आधी कस्तुराला ही थट्टा वाटली. मग ती रडली, मग चिडली. आईने ट्रंकेला कुलूप घालून किल्ली कमरेला लावलेली तिने पाहिली आणि ती बोलायचीच थांबली.

खोली सुटली. जाईबाईचा भाऊ किसन सांगवीला राहत होता. त्याच्या घरामागे जळण ठेवायचा आडोसा होता, तो त्याने रिकामा करून दिला. नदीकडचा वारा आत यायचा. भावजय वाईट नव्हती, पण पाण्याच्या घागरी मोजायची. कस्तुरा पहाटे उठून बस गाठायची आणि परत यायची ती एका कडेला पाठ करून निजायची. एकदाच, भावजयीशी घागरींवरून खटका उडाला त्या दिवशी, तिने आईला तोंडावर विचारलं.

"बाबांच्या ऑपरेशनला ती अंगठी काढली नाहीस. आता घर घ्यायचं तरी काढत नाहीस. कुणासाठी जपून ठेवलीयस तू?"

"तेच नगं म्हनले व्हते गं."

"ते म्हणणारच. आजारी माणूस म्हणणारच. तू का ऐकलंस?"

जाईबाई तांदूळ निवडत होती. खरं ते तिच्या ओठांपर्यंत आलं. एक वाक्य बोलली असती तर पोरगी येऊन गळ्यात पडली असती. पण मग तिच्या मनात बाप जसा होता तसा राहिला नसता. मरायच्या आधी काय काय गिळून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, हे त्या कोवळ्या पोरीने जन्मभर आठवत बसायचं का?

"चुकलंच माजं," ती म्हणाली.

कस्तुराने पुढे काही विचारलं नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, ती खडकीला गेली. सणासुदीला येते, आईला लुगडं आणते, दुखलंखुपलं विचारते. बोलण्यात कमी नसते, पण जवळ बसत नाही. दादू मात्र अधूनमधून येतो. आडोशाच्या तोंडाशी टेकतो, चहा घेतो. दोघं भीमराजबद्दल बोलतात, त्याच्या शिफ्टच्या गमती, त्याचं मोठ्याने शिंकणं. कस्तुरा आलेली असली की दोघंही विषय बदलतात, आणि तिला वाटतं, आईला बाबांचं नावही नकोसं झालंय.