साहेबाची हरळी

हरळी कुणी मुद्दाम लावतं व्हय? पर मी माज्या डोळ्यांनी बघितलं. पुण्याहून आल्याला भिवाजी माळी टोपलीतनं हरळीची कांडी काढत व्हता, ओळीनं मातीत दाबत व्हता, वर झारीनं पाणी घालत व्हता. आन ती माती कुणाची? आमची. माळावरचं नाचणीचं वावर. मुळशीचं धरण बांधाय लागले, तवा खालची भातखाचरं बुडणार म्हणून घेतली, आन हे वरचं वावर धरणाच्या साहेबाच्या बंगल्याला घेतलं.

माज्या सासूनं आन मी ह्याच वावरातनं हरळी काढण्यात उमर घालवली. कुदळीनं खणायची, मुळी न् मुळी येचायची, उन्हात वाळवायची, मग जाळायची. सासू मरंस्तवर तेच करत व्हती. एक कांडं ऱ्हायलं तर पावसाळ्यात सगळं वावर खाती ही मेली. गणपतीला वाहाय जुडीभर लागती, तेवढी बांधावर मिळती. हितं तिला झारीनं पाणी. मला शिसारीच आली.

"साहेबांना बंगल्यापुढं हिरवळ हवी," भिवाजी म्हणाला. "संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला."

बसाय म्हणं. आमच्यात गवतावर म्हस बसती.

तरी मी धाकल्या जावंला, रत्नाला, घेऊन तितं तण काढाय गेले, ती काय मजुरीच्या आशेनं न्हाई. वावर गेल्यापासनं आमचं बिऱ्हाड डोंगरापल्याड माज्या भावाच्या गोठ्यात पडलंय. लगनात म्हाताऱ्या म्हणत्यात ना, हरळीवानी पसर बाई. पसरलो की, शेणामुतात. तितं छप्पर गळलं आन बियाण्याची नाचणी भिजली. कणगीत हात घातला तर बुळबुळीत, कोमट लगदा हाताला आला. त्याचा वास असा, की त्या हातानं घास तोंडाशी न्हेववंना.

आमची नाचणी दुसऱ्या कुणाकडं न्हाई. बुडाशी तांबूस, कणीस मुठीवानी आवळल्यालं. सासूच्या सासूपासनं घरात चालत आली. लोक दुसरं बी देत व्हते, पर ते लोकांचं. मग ध्यानात आलं, गेल्या सालचे सांडल्याले दाणे माळावर उगावले असतील. ती रोपं न्हेऊन लावली तर बी वाचंल. न्हाई तर संपलं.

"हरळी सोडून दिसेल ते उपटा," भिवाजीनं सांगितलं. "सगळं तण आहे."

"हे कुर्डू हाय. ह्याची भाजी हुती," मी म्हणलं.

"तण."

"हा केना. आन ही आंबुशी, पोरं चघळत्यात."

"बाई, साहेब भाजी चघळत नाहीत. तण."

लव्हाळ्यापाशी मातर आमचं जमलं. तो त्यालाबी नको, मलाबी नको. वरनं उपटून भागत न्हाई, खालची गाठ खणावी लागती, हे त्यालाबी ठावं व्हतं.

पायरीच्या कडंला नाचणी दिसली आन माजं काळीज हाललं. तिच्या शेजारी तिच्यावानीच दिसणारं गवतबी व्हतं, पर ते बुडाशी चपटं, पांढरट, भुईला चिकटून बसल्यालं. आमची उभी. मी बोटानं बूड चाचपून एकेक रोप मातीसकट काढलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून पाटीत ठेवलं. वरनं कुर्डू टाकलं.

मागं वळले आन कपाळाला हात लावला. रत्नानं भिवाजीच्या हरळीची आख्खी पट्टी मुळासकट उपटून ढीग घातला व्हता. कुर्डू, केना तसाच उभा. तिचं काय चुकलं? जलमभर तिच्या हातांनी हेच केलंय, हात का माळ्याचं ऐकणार हायेत?

भिवाजी आला. ओरडला न्हाई, नुस्ता पांढरा पडला. मग त्यानं माजी पाटी वढली, कुर्डू बाजूला सारलं.

"हे काय?"

"म्हशीला."

"म्हशीला गोणपाटात गुंडाळून नेता?"

त्यानं एक रोप उचलून बघितलं. माळीच तो, त्याला कळलं.

"साहेब यायच्या आत ही पट्टी होती तशी लावा," तो म्हणाला. "मग पाटी न्या. नाहीतर हे सगळं साहेबांच्या घोड्यापुढे टाकतो."

रत्ना उठली, पदर झटकला. "आक्का, चला. आपल्या वावरात आपल्या हातानं हरळी? मला न्हाई जमायचं." आन त्या ढिगावर थुकली.

मलाबी थुकायचं व्हतं. तोंडात कडू पाणी आलं व्हतं. पर पाटीतली रोपं माना टाकाय लागली व्हती, आन भावाचं गाव लांब व्हतं.

मी बसले. थुकी लागल्याली कांडी येचून घेतली. सासू वरनं बघत असंल तर तिनं तोंड फिरवावं, एवढंच मनात म्हणलं. दोन पेरं मातीत, एक वर. अंगठ्यानं दाबायची, मुठीनं आवळायची. फुडचं कांडं.

"नीट लावा," भिवाजी वरनं म्हणाला. "मरायला नको."

माज्या हातानं लावल्यालं आजवर कदी मेलं न्हाई. हीबी मरायची न्हाई.