तिसऱ्या सेलचा आकडा

*नोव्हेंबर, दुसरा रविवार.*
*१२७० १२७० १२७० १२७० १२७० १२७०*

अक्षर माझं. आकडे तैस्तोचे. बॅटरीच्या सहा सेलमधल्या आम्लाची घनता; बाराशे सत्तर म्हणजे पूर्ण भरलेली.

तैस्तो माझा नवरा. सप्टेंबरात परतताना मी कुइकाच्या काठावर खुबा आपटून समुद्रात पडले. कुइका म्हणजे आमची होडी, माझ्या वडिलांनी बांधलेली. दुसरी एक होडी येऊन मला बाहेर काढेपर्यंत आमचे दिवे आणि पंप चालूच होते, आणि धक्क्याला लागेपर्यंत बॅटरीत जीव उरला नव्हता. माझ्या खुब्यात धातूचा सांधा बसला. होडी पाण्याबाहेर काढायच्या दिवशी मी हॉस्पिटलात होते.

तिथूनच मी त्याला सांगितलं, "आधी बॅटरी काढून खोलीत ठेव. पहिल्याच रविवारी चार्जला लाव. भरलेली बॅटरी कितीही थंडीत गोठत नाही. रिकामी गोठते आणि फुटते. एवढं एकच लक्षात ठेव."

"एकच?" तैस्तो म्हणाला. "लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, एकच गोष्ट पहिल्यांदा सांगतेयस."

आमच्या होड्यांच्या क्लबात सगळ्यांच्या बॅटऱ्या हिवाळाभर एका खोलीत राहतात. दारावर नियम लावलेत, तेही माझ्याच अक्षरात, कारण एकोणीस वर्षं ती खोली मी सांभाळली:

चार्जिंग फक्त रविवारी, दहा ते दोन.
चार्जर लावून कोणीही खोलीबाहेर जायचं नाही.
दुसऱ्याच्या बॅटरीला हात लावायचा नाही.

तिसरा नियम एका भांडणानंतरचा. शेजारधर्म म्हणून एकाने दुसऱ्याच्या बॅटरीत नळाचं पाणी ओतलं होतं.

*डिसेंबर, दुसरा रविवार.*
*१२७० १२७० १२७० १२७० १२७० १२७०*

व्यायाम शिकवणारी मुलगी घरी यायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "इर्मेली, तुला काय करता यायला हवंय?" लोक म्हणतात जिना, बाथटब, नातवाचं लग्न. मी म्हटलं, मे महिन्यात कुइकावर चढायचंय. शिडीची खालची पायरी बेचाळीस सेंटीमीटरवर आहे. तिने बेचाळीस सेंटीमीटरचा लाकडी खोका आणून दिला. तो स्वयंपाकघरात राहिला. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. चढ, उतर.

रविवारी साडेनऊला मी तैस्तोचा थर्मास भरायची. अडीचला तो परत यायचा, टोपीवर बर्फ, आणि बूट काढता काढता सांगायचा.

"बाराशे सत्तर."

"सगळे सेल?"

"साही. कवायतीला उभे असल्यासारखे."

"तिसरा?"

"तिसरासुद्धा."

"चार वर्षांत तो कधी बाराशे चाळीसच्या वर चढलेला नाही."

"तू नव्हतीस ना तिथे त्याला ओरडायला. खूश होता बिचारा."

मी हसले. हसत हसत लिहिलं.

"आणि सिल्वीने विचारलंय, कुबड्या सुटल्या का." त्याने कागदाची पिशवी टेबलावर ठेवली. आत सिल्वीच्या हातचे वेलचीचे गोड पाव होते. सिल्वीची होडी हिवाळ्यात क्लबाच्या आवारात कुइकाच्या शेजारी उभी असते, चोवीस वर्षं.

*जानेवारी, दुसरा रविवार.*
*१२७० १२७० १२७०*

इथे मी पेन्सिल थांबवली.

त्या दिवशी बाहेर उणे वीस होतं. बॅटरीच्या खोलीत हीटर नाही. थंडीत आतलं आम्ल जड होतं, मापाच्या काचेच्या नळीतला काटा जास्त वर तरंगतो, आणि भरलेली बॅटरी जवळजवळ तेराशे दाखवते. मग थंडीची वजाबाकी करायची. नव्या माणसाला मी हे सगळ्यात आधी शिकवायची. तैस्तोला वजाबाकी माहीत नव्हती. म्हणजे त्याने काटा पाहिला असता तर तेराशेच्या आसपास काहीतरी सांगितलं असतं.

तो स्वयंपाकघरात हेरिंग मासे साफ करत होता. शीळ घालत.

*१२७० १२७० १२७०*

लिहून टाकलं. मला मेमध्ये समुद्रावर जायचं होतं, आणि खरा आकडा विचारला असता तर

लिहून टाकलं.

*फेब्रुवारी, दुसरा रविवार. उणे सव्वीस.*
*वरच्यासारखेच.*

*मार्च.*
*वरच्यासारखेच.*

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बंदरातला बर्फ काळा पडायला लागला. मी म्हटलं, मला क्लबात ने. तैस्तो म्हणाला, अजून निसरडं आहे. पुढच्या आठवड्यात म्हणाला, चिखल आहे. त्याच्या पुढच्या बुधवारी तो दातांच्या डॉक्टरकडे गेला. मी काठी घेतली, वही खिशात टाकली आणि बस पकडली.

खोलीची किल्ली खिळ्यावरच होती. आमची जागा चौदा नंबर. बॅटरी जागेवर होती. दुरून बरी दिसली. जवळ गेले तर पोट फुगलेलं, आणि तिसऱ्या सेलपासून खालपर्यंत उभी चीर. फळीवर आम्ल सांडून लाकूड पांढरं झालेलं. हँडलवर ऑक्टोबरची चिठ्ठी तशीच, हॉस्पिटलात मी लिहून दिलेली: *आधी चार्ज.*

बाराशे सत्तरची बॅटरी उणे सव्वीसला फुटत नाही. उणे पन्नासलाही नाही.

एकही रविवार नाही. मला वाटलं, तो आळशीपणा करून खोटं बोलला. एवढंच वाटलं मला. चिडून बाहेर आले, म्हटलं कुइकाच्या शिडीला हात लावून घरी जाते.

सिल्वीची होडी होती. डोलकाठ्या ठेवायचा मांडव होता. दोघांच्या मधे नुसती खडी होती. कुइकाचे चार टेकू एकावर एक नीट रचून ठेवलेले.

सिल्वी होडीखाली बसून जुना रंग खरवडत होती. मला बघून बाहेर आली, गुडघे निळे.

"इर्मेली! अगं, चालायला लागलीस की!"

"कुइका कुठाय?"

तिच्या हातातली खरवडणी खाली आली.

"सिल्वी. होडी कुठाय?"

"त्याने... अगं, तुला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"वासा शहरातल्या एका जोडप्याने विकत नेली. ऑक्टोबरच्या शेवटी, ट्रेलरवरून. त्यांच्याकडे नव्या बॅटऱ्या होत्या, म्हणून तुमची इथेच राहिली." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आम्हाला वाटलं, तुमच्या दोघांचं ठरलंय. तैस्तो म्हणाला, तिच्यापाशी विषय काढू नका, तिला त्रास होतो."

"आम्हाला म्हणजे?"

"क्लबात. सगळ्यांना."

"मग तो रविवारी यायचा कशाला?"

"बसायला. कॉफी प्यायचा आमच्याबरोबर. दोनपर्यंत."

माझ्या थर्मासमधली.

"आणि बॅटरी? चार्जर चालू असायचे. पाच महिने तुमच्यासमोर ती फुगत होती."

"ते दिसत होतं गं," सिल्वी म्हणाली. "पण हात लावायचा नाही, हे तूच लिहिलंयस."

*सिल्वीच्या पिशव्या: डिसेंबर सहा पाव, जानेवारी सहा, फेब्रुवारी आठ. सगळे खाल्ले.*

तैस्तोला तिनेच फोन केला असणार. वीस मिनिटांत आला, अर्धा गाल सुन्न, तोंड वाकडं. खोलीच्या दारात उभा राहिला. मी चौदा नंबरपाशी स्टुलावर बसले होते.

"कागद माझ्या नावावर होते," तो म्हणाला.

"विम्याला सोयीचं पडलं म्हणून."

"हो."

"वडिलांनी बांधलेली होती."

"माहीत आहे मला." त्याने टोपी काढली. "तू पाण्यात होतीस. मी ओढत होतो. बाही हातात येत होती, तू येत नव्हतीस. सदुसष्ट वर्षांचा आहे मी. मला ते पुन्हा करायचं नव्हतं."

"मग तसं सांगायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग?"

"मग तुला ते ऐकावं लागलं असतं. एवढंच झालं असतं."

त्याने टोपी हातात फिरवली.

"मी रोज चाळीस वेळा त्या खोक्यावर चढत होते, तैस्तो. तुझ्यासमोर. तू हेरिंग साफ करत होतास."

"मला वाटलं, पाय तरी बरा होईल."

"माप घे," मी म्हटलं.

"काय?"

"खिळ्याला लटकलंय. काचेची नळी. घे."

त्याने ते उलटं धरलं. रबरी फुगा खाली, टोक वर. पाच महिन्यांत एकदाही हातात घेतलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नळी फिरवून धरली.

"फुगा दाब. टोक आत घाल. सोड. काटा कुठे तरंगतोय ते वाच."

"एक हजार नव्वद."

"पुढचा."

"ऐंशी. एक हजार ऐंशी."

"तिसरा."

त्याने दोनदा दाबून पाहिलं. "काही येत नाही. कोरडा आहे."

"चौथा."

साही झाले. मी लिहिलं.

*एप्रिल, बुधवार.*
*१०९० १०८० — १०९० १०७० १०९०*
*तैस्तोने मोजले. माझ्यासमोर.*

"इथे सही कर."

"इर्मेली..."

"कर."

त्याने केली. मग म्हणाला, "लहान होडी घेऊ आपण. प्लास्टिकची. सपाट, पडायची भीती नाही. तू निवड."

मी नियमांचा कागद दारावरून काढला, घडी करून वहीत ठेवला, आणि चालायला लागले. सिल्वी होडीखालून बाहेर आली नाही.

क्लबापासून घर तीन किलोमीटर आहे. डॉक्टरने मला दोनची परवानगी दिली होती. मागून आमची गाडी पायी चालायच्या वेगाने येत होती, काच खाली.

"बस ना."

खुबा दुखत होता.

"असं काय करतेस. बस गाडीत. लोक बघतायत."

"त्यांना सगळं माहीत आहे. बघू देत."

दोन किलोमीटर संपतात तिथे लाकूड गिरणीचा बसथांबा आहे. मी बाकावर बसले. त्याने गाडी बाजूला लावली.

"किती वेळ आहे बसला?"

"पस्तीस मिनिटं."

"मग मीही थांबतो."

"थांब. तुला सवय आहे."

त्याने इंजिन बंद केलं. आम्ही पस्तीस मिनिटं बसलो, तो गाडीत, मी बाकावर. मधे एकदा त्याने खिशातून खोकल्याची गोळी काढून काचेतून माझ्याकडे धरली. नेहमी धरतो तशी. मी बघत राहिले. शेवटी त्याने ती स्वतःच्या वाकड्या तोंडात टाकली.

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, काठी पाहिली आणि म्हणाला, "थांबा, बस दाराच्या बाजूला खाली झुकवतो."

"राहू दे," मी म्हटलं.

उजवा पाय आधी, मग डावा. पायरी बेचाळीसची नव्हती. बरीच कमी होती.