डबीचं झाकण

चौकाच्या बरोबर मधोमध डबी बंद पडली आणि स्टिअरिंग घट्ट धरून दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी काही नाही केलं हो."

"तुम्ही काहीच नाही केलंत," शेजारून आई म्हणाली. "तिचंच डोकं फिरलंय. गाडी न्यूट्रलला घ्या आणि जरा श्वास घ्या."

मी मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसले होते. शाळा सुटल्यावर आई मला अशीच उचलते, शिकवणी चालू असताना. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. एका टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. "शिकायचं तर मैदानात शिका की."

"तुम्ही मैदानातच शिकलात वाटतं," आई म्हणाली. "रस्त्यावर कसं बोलायचं ते राहूनच गेलं."

मी दप्तर सीटवर टाकलं, उतरले आणि ढकलायला लागले. या कामात मी आता पटाईत झाले होते. कडेला लावून पंधराएक मिनिटं गप्पा मारल्या की डबी काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची. त्या पंधरा मिनिटांत डॉक्टरबाईंनी माझे दात तपासले.

डबी म्हणजे आमची गाडी. चौकोनी, पिवळी, माझ्याहून वयाने मोठी. कंपनीने असल्या गाड्या काढणं कधीच बंद केलंय. आईच्या सीटपुढेही एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक, कारण आई बायकांना गाडी शिकवते. दिवसभर "क्लच, बाई, क्लच" म्हणते, म्हणून अख्ख्या भागात तिचं नाव क्लचबाई. आमच्या दोघींचं घर या डबीवर चालतं. आणि डबी चालत नव्हती.

गॅरेजवाल्याने पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले, शेवटी हात टेकले. तो गल्लीला एक फेरी मारून यायचा आणि म्हणायचा, "ताई, मला तर काहीच करत नाही ही." बाजारात जाऊन यायलाही ती काही करायची नाही. शिकवणीला अर्धा तास झाला की मात्र डबीबाई रुसल्याच.

त्या संध्याकाळी मामा आला. मामाचं रंगाचं दुकान आहे. वाईट माणूस नाही, पण समोरच्याच्या आयुष्याला नवा रंग द्यायची त्याला फार घाई असते.

"रविवारी भंगारवाल्याला बोलावतो," तो म्हणाला. "सोमवारपासून तू माझ्या काउंटरवर बस. पंखा आहे, खुर्ची आहे."

"खुर्ची माझ्या गाडीतपण आहे," आई म्हणाली.

"हो, पण ती मधेच थांबते."

एरवी आईकडे प्रत्येकाला उत्तर असतं. या वेळी ती उठून कणीक मळायला लागली. ते मला चौकात डबी ढकलण्यापेक्षा भयंकर वाटलं. मी फोन घेतला आणि 'डबी परिवार'मध्ये घुसले.

डबी परिवार म्हणजे आमच्या गाडीसारख्या गाड्या अजून बाळगणाऱ्या वेड्या लोकांचा ऑनलाइन ग्रुप. मी तिथे नाव घेतलं 'क्लचकन्या' आणि लिहिलं, "आमची डबी चालता चालता बंद पडते. मदत करा."

सल्ल्यांचा सडाच पडला. पंप बदला. पंपाला ओलं फडकं गुंडाळा. एकाने तर लिहिलं, गाडीशी प्रेमाने बोला. आणि मग एक ओळ आली.

"हरकत आहे. 'गाडी बंद पडते' हे वाक्य निरुपयोगी आहे."

हे हरकतदार. त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. डबीचा स्क्रू न् स्क्रू त्यांना पाठ, आणि प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्याला त्यांची हरकत. ते आले की लोक "झालं सुरू" म्हणून पळ काढायचे. एकाने मला बाजूला निरोप पाठवला, "दुर्लक्ष कर, ते असेच आहेत." पण मी नुकतीच शाळेच्या वादविवादात बक्षीस घेऊन आले होते. अंगात वारं होतं.

"मग उपयोगी वाक्य कसं असतं ते शिकवा," मी लिहिलं.

"कधी बंद पडते? चढावर, सपाटीला, उन्हात, सकाळी? झटक्यात की अडखळत? किती वेळाने पुन्हा सुरू होते? नेहमी तितक्याच वेळाने? उत्तरं नसतील तर गाडीला दोष देऊ नये."

मला असा राग आला म्हणून सांगू. पण रागाच्या भरात मी आईला एकेक प्रश्न विचारत गेले आणि लक्षात आलं, इतके दिवस आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. अडखळत बंद पडते, घशाला कोरड पडल्यासारखी. सकाळीही पडते, उन्हातही. सुरू व्हायला नेहमी पंधराएक मिनिटं.

"कॉइल," हरकतदार म्हणाले. "तापते, ठिणगी थांबते. थंड झाली की चालते. विषय संपला."

"एकदा लगेच सुरू झाली होती," मी लिहिलं, कारण आईला तेवढ्यात आठवलं. "पेट्रोल पंपासमोरच बंद पडली. ढकलत आत नेली, पेट्रोल भरलं, आणि पहिल्या फटक्यात सुरू."

"पेट्रोल संपलं असेल."

"काटा अर्ध्यावर होता."

"काटा खोटा असेल."

"काटा खरा आहे. तुमची कॉइल खोटी असेल."

परिवारातले पळालेले लोक आता परत आले होते. कुणी टाळ्यांची चित्रं टाकत होतं, कुणी "पोरी, सांभाळून" म्हणत होतं. हरकतदारांनी कॉइलवर एक निबंध लिहिला. मी तो अख्खा वाचला, समजला तेवढा खोडून काढला. त्यांनी माझं खोडणं खोडलं. आई मागून म्हणाली, "अगं, माणूस आहे तो, क्लास टेस्ट नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मी माझ्या बाटलीतून पाणी ओढत होते. ती नळीवाली घट्ट झाकणाची बाटली. जोरात ओढलं की तिचे गाल आत जातात आणि पाणी येईनासं होतं. मग झाकण जरा सैल करायचं, आत हवा जाते, पाणी येतं.

मी ओढायची थांबले. मैत्रीण म्हणाली, "ठसका लागला का?" मी म्हटलं, "नाही, पेट्रोल."

घरी येईपर्यंत मला धीर नव्हता. डबी घरीच होती, म्हणून रिक्षा केली आणि रिक्षातूनच लिहिलं, "टाकीचं झाकण. पेट्रोल ओढलं जातं, पण आत हवा जात नाही. म्हणून अर्ध्या तासाने अडतं, पंधरा मिनिटांत फटीतून थोडी हवा झिरपली की चालतं. पंपावर झाकण उघडलं, हवा गेली, गाडी सुरू झाली."

"हरकत आहे. डबीच्या झाकणाला आतल्या बाजूने श्वासाचं छिद्र असतं. कंपनी मूर्ख नव्हती. मुद्दा बाद."

मी धावत जाऊन झाकण उघडलं. बोट आत फिरवलं. मग आईच्या केसांतली पिन घेऊन टोचून पाहिलं. छिद्र नव्हतं.

"आई, हे झाकण आपलंच आहे ना?"

आई पिन परत घेताना थबकली. "आपलं शिकवणीतल्या एका बाईंनी पंपावर ठेवलं न् विसरल्या. हे मी जुन्या बाजारातून आणलं. बसलं चपखल, म्हणून लावलं." तिने ओढणीने हात पुसला. "तेव्हापासूनच की गं."

आम्ही दोघी तशाच निघालो. आई चालवत होती आणि मी देवाला म्हणत होते, बंद पड, बंद पड. आयुष्यात पहिल्यांदा. आणि माझ्या शाळेसमोरच डबी अडखळली, ठसकली आणि थांबली. मी उडी मारून मागे गेले, झाकण फिरवलं. सूऽऽऽ करून टाकीने इतका लांब श्वास घेतला की फुटपाथवरचे एक आजोबा थांबून बघायला लागले.

"आता," मी ओरडले.

आईने किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात. आईने स्टिअरिंगवर दोन थपडा मारल्या आणि मला म्हणाली, "बस लवकर, क्लचकन्ये." डोळे पुसायला तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मी परिवारात झाकणाचा फोटो टाकला. नुसता जल्लोष. कुणी म्हणालं, त्याच झाकणाला एक छिद्र पाड, काम झालं. सगळे हरकतदारांची वाट बघत होते. मग ओळ आली, "छिद्र पाडू नये. धुताना टाकीत पाणी जाईल." आणि पाठोपाठ मला एकटीला निरोप, "मूळचं झाकण माझ्याकडे आहे. येऊन घेऊन जाणे. फोन करू नये." खाली पत्ता. आमच्याच शहरातला, कालव्यापलीकडच्या वसाहतीतला.

"माणूस आहे का सूचनाफलक?" आई म्हणाली. पण शनिवारी आम्ही गेलो. सैल झाकणाने, वाटेत पेट्रोलचा वास घेत. आयुष्यभर तसं हिंडता येत नाही, आणि रविवारी मामाचा भंगारवाला येणार होता.

दार एका काकूंनी उघडलं. "डबीवाल्या ना? या. ते बोलत नाहीत, पण ऐकू सगळं येतं. जरा जास्तच येतं."

हरकतदार खिडकीपाशी बसले होते. मी मनात एक आडदांड, लाल डोळ्यांचा माणूस रंगवला होता. हे होते काटकुळे, इस्त्रीचा शर्ट, आणि गळ्याला पातळ पांढरं फडकं बांधलेलं. श्वास घेतला की फडकं आत ओढलं जायचं, सोडला की फुगायचं.

सहज सांगावं तसं काकू सांगत होत्या. पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. घशाचं ऑपरेशन झालं, श्वासासाठी गळ्याला छिद्र केलं, त्यात आवाज गेला. "गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालंय. पण हे म्हणतात, तो आवाज भाड्याचा आहे."

त्यांच्या मांडीवर पांढरा फळा होता. त्यांनी लिहिलं. काकूंनी वाचलं, "म्हणतात, बसा, काय घेणार?"

हरकतदारांनी फळ्यावर टकटक केलं.

"बरं बाई. 'बसा' मी माझ्याकडून घातलं. त्यांनी लिहिलंय, कॉइलबाबत माझी चूक. पण झाकण बदललंय हे तू पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतंस."

"तुम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं," मी म्हटलं. "बाकी सगळं विचारलंत की."

आईने मला कोपर मारलं. हरकतदारांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला. काकू म्हणाल्या, "हसतायत. हसू दे, फार दिवसांनी."

कपाटात डबीचे भाग ओळीने मांडले होते, कापडात गुंडाळून. आरसे, दाराच्या कड्या, दिव्यांच्या काचा. सगळं होतं, फक्त गाडी नव्हती.

"गाडी मीच विकायला लावली," काकू हळूच आईला म्हणाल्या. "रस्त्यात बंद पडली तर हाक कुणाला मारणार?"

झाकण हरकतदारांनी स्वतः खाली येऊन लावलं. मग पुढचं दार उघडून आईच्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं. काकूंनी वरून खिडकीतून मफलर टाकला, तो मी झेलला.

आई चालवायला, ते शेजारी, मी मागे. कालव्याच्या रस्त्याने निघालो, बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागलो. फळा घरीच राहिला होता, आणि तसंही डबीच्या हादऱ्यात कुणाला लिहिता येतंय. त्यांनी तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवला होता, ताप बघतात तसा. अर्धा तास झाला. मी श्वास रोखला. आईची बोटं स्टिअरिंगवर पांढरी. डबी चालत राहिली. ती दातांच्या डॉक्टरबाईंच्या चौकातून गेली, सिग्नलला थांबली, निघाली. मी मागे इतकी नाचले की गाडी डुलली.

तेवढ्यात मामाचा फोन. मी उचलला. "भंगारवाला उद्या दहाला येतोय म्हण आईला."

"आई, भंगारवाला."

"नको म्हणावं. आणि सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंना घाट शिकवायचाय म्हणावं."

"कसला घाट?" मामा तिकडून ओरडला. मी फोन ठेवला.

परतीला चढ लागला. इंजिन जरा जड झालं. हरकतदारांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, फक्त ओठ आणि एक बोट. त्यांचा पाय आईच्या जादा क्लचकडे सरकला.

"पाय काढा तिथून," आई म्हणाली. रस्त्यावरची नजर तिने हलवली नाही. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचणं हाच तिचा धंदा आहे. "आणि दुसरा गिअर टाकणार नाही मी. तिसऱ्यात चढते ती."

ओठ पुन्हा हलले, भराभर. गळ्याचं फडकं वेगाने आतबाहेर व्हायला लागलं.

"तुमची चढत नसेल. माझी चढते."

त्यांनी मान जोरात हलवली आणि दोन बोटं दाखवली. काहीतरी लांबलचक, मुद्देसूद सांगत राहिले, आणि आई मधेमधे "अजिबात नाही" आणि "हे कुणी सांगितलं तुम्हाला" म्हणत राहिली. मी मागून दोघांची डोकी बघत होते. चढ संपला, वसाहत आली, काकू फाटकाशी उभ्या दिसल्या. आईने वेग कमी केला नाही. ती तशीच पुढे निघाली, कारण ते अजून बोलत होते.